बारा मिनिटांवरचं हॉस्पिटल

सलमाबादच्या आमच्या यार्डाच्या गेटवर बसणाऱ्या सिक्युरिटी गार्डने माझ्या तक्त्यातली चूक काढली, तेव्हा मला पहिल्यांदा रागच आला होता.

मी एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर आहे. इमारतीचं कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कशाला किती दिवस, याचा लांबलचक तक्ता करायचा आणि तो पाळला जात नाही म्हणून रोज कुणाशी तरी भांडायचं, हे माझं काम. चिपळूण सोडून बहरीनला आले त्याला चौदा वर्षं झाली. त्या दिवशी मी नवा तक्ता ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवत होते. जुलै होता. उन्हामुळे दुपारी बाहेरचं काम बंद असतं, त्यामुळे यार्डात चिटपाखरू नव्हतं. गार्ड बाटली भरायला आत आला, तक्त्यासमोर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, गच्चीवर पाणी साठवून टेस्ट घ्यायच्या आधीच तुम्ही लाद्या लावताय."

मी बघितलं. खरंच क्रम उलटा पडला होता.

"तुम्हाला हे वाचता येतं?"

"एकोणीस वर्षं हेच केलं," तो म्हणाला. "इमारतीचं नाही. एका जिल्ह्याचं."

बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं. आमचं पुढचं सगळं बोलणंही इंग्रजीतच झालं, पण मला ते आठवतं मराठीतच. आणि पहिले काही दिवस मी त्यांना मनात 'तो'च म्हणत होते, हेही सांगून टाकते. बावन्न वर्षांचा, कानाशी केस पिकलेला माणूस. पण गेटवर बसणारा तो 'तो'च, ही आपली सवय. 'ते' म्हणायला मला महिना लागला.

पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशातले ते. देशाचं नाव लिहीत नाही. असं शेजारीपाजारीही घडतं, एकाचंच नाव का घ्यायचं, असं तेच म्हणायचे. तिथे ते जिल्हा नियोजन अधिकारी होते. दर चार वर्षांनी निवडणूक, मतदानाच्या रांगा पहाटेपासून, हरलेला पक्ष मुकाट खुर्ची सोडतो. याचा त्यांना फार अभिमान होता. एका सरकारने पुढच्या चाळीस वर्षांची योजना करायची ठरवली, तेव्हा ते दोन वर्षं गावोगाव फिरले. झाडाखाली बसायचं, काय हवं ते विचारायचं, लिहून घ्यायचं. एका गावात नकाशावर बाजाराची जागा दाखवली तर एक म्हातारी उठून म्हणाली, माझा नवरा तिथेच पुरात वाहून गेला. बाजार हलवला. हा किस्सा ते हसत सांगायचे. "योजना चुकते, मॅडम. पण चालू असेल तरच दुरुस्त होते ना."

योजनेतलं पहिलं मोठं काम म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गावाजवळचं हॉस्पिटल. भिंती उभ्या राहिल्या, खिडक्यांच्या चौकटी बसल्या, आणि सरकार बदललं. नव्या सरकारने जुनी योजना गोदामात टाकली आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या मतदारांजवळ, दुसरं हॉस्पिटल काढलं. चार वर्षांनी ते सरकारही हरलं. परत आलेल्या पहिल्या पक्षाने ते दुसरं थांबवलं आणि पहिलंही सुरू केलं नाही, कारण तोवर त्यांच्यातच नवा गट वर आला होता. एका जिल्ह्यात दोन हॉस्पिटलं, दोन्हींना छत नाही. या नियोजन अधिकाऱ्यांनी वर पत्र लिहिलं, दुसरं लिहिलं, तिसऱ्या पत्रानंतर सीमेवरच्या ओसाड तालुक्यात बदली झाली. शेवटी नोकरी सोडली. एजंटने बहरीनमध्ये स्टोअरकीपरची जागा सांगितली होती. आल्यावर गेट मिळालं.

हे ऐकताना मला आमच्या खाडीवरचा पूल आठवत होता. मी शाळेत होडीने जायचे, आणि होडी पुलाच्या चार खांबांमधून जायची. नुसते खांब, वर काही नाही, त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. मी दहावी झाले तरी खांबच होते. पूल का थांबला, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. मला वाटायचं, पूल असेच असतात.

ऑक्टोबरात ते माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या देशात घटनेत काय बदल हवेत हे सुचवायला एक समिती नेमली होती. परदेशातले नागरिकही निवेदन पाठवू शकत होते. त्यांना लिहायचं होतं. "मजकूर माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "पण मोठे लोक मजकूर वाचत नाहीत, चित्र बघतात. मला चित्र काढून द्याल?"

तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी ते आमच्या सनाबिसच्या फ्लॅटवर येऊ लागले. बसने यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि येताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून गरम खुबूस, इथली अरबी रोटी, आणायचे. मी पोहे करायचे. डायनिंग टेबलावर एका बाजूला त्यांच्या वह्या, एका बाजूला माझा लॅपटॉप. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी मला मॅडम म्हणणं सोडलं. "सिस्टर" म्हणू लागले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. देशाची चाळीस वर्षांची योजना असावी, ती लोकांना विचारून करावी आणि घटनेने तिला संरक्षण द्यावं. निवडून आलेल्याने काम वेगाने करावं, हळू करावं, पद्धत बदलावी. पण सुरू केलेलं सोडायचं असेल तर संसदेत उभं राहून कारण सांगावं लागेल. दर दहा वर्षांनी पुन्हा लोकांकडे जायचं. प्रत्येक पक्षाने जाहीरनाम्यात लिहायचं, आम्ही योजनेतलं हे हे पुढे नेऊ.

माझा नवरा बँकेत आहे, त्याला वाद घालायला आवडतं. तो म्हणाला, "पण निवडून आलेल्याचे हात बांधायचे, तर मत द्यायचं कशाला? आणि चाळीस वर्षांनी काय लागेल हे आज कुणाला माहीत?"

"बाळंतपणं होणार हे माहीत आहे," ते म्हणाले. "पाणी लागणार हे माहीत आहे. आज जन्मलेलं मूल सहा वर्षांनी शाळेच्या दारात उभं राहणार, हे कळायला ज्योतिषी लागत नाही. मला तेवढंच लिहायचं आहे."

एकदा यार्डात आमच्या मॅनेजरने हे निवेदनाचं प्रकरण ऐकलं. तो हसून म्हणाला, "तुमच्याकडे मतदान फार होतं, हाच घोळ आहे. एकाने ठरवायचं, बाकीच्यांनी बांधायचं. खलास!"

"सर, माझ्या वडिलांच्या काळात आमच्याकडे एकच माणूस ठरवायचा," ते शांतपणे म्हणाले. "त्याने स्वतःच्या गावात विमानतळ बांधला. तिथे आता बकऱ्या चरतात. मला मतही हवं आहे, सर, आणि छतही."

त्यांची एकुलती एक मुलगी गावातल्याच शाळेत शिक्षिका होती. तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. शुक्रवारी पोहे खाताना ती व्हिडिओ कॉलवर यायची, मला "आंटी" म्हणायची, पोट दाखवायची. मी तिला डिंकाच्या लाडवांचं सांगितलं, तर हसून म्हणाली, "झाडाचा डिंक खायचा?" तिच्या मागे खिडकीतून दूरवर त्या हॉस्पिटलच्या भिंती दिसायच्या. त्यांच्या घरापासून चालत बारा मिनिटं.

जानेवारीत एका सकाळी नऊच्या सुमारास मी यार्डात पोचले तर ते गेटवर उभे होते, फोन कानाला. तिथे तेव्हा पहाटेचे सहा. त्यांनी मला हाताने थांबवलं. मुलीला रात्रीपासून कळा येत होत्या, मूल आडवं होतं, सुईण म्हणाली ऑपरेशन लागेल. ऑपरेशन होईल असं हॉस्पिटल साडेतीन तासांवर. जावयाने एक गाडी मिळवली होती.

मी त्यांना आत बसवलं. दुसऱ्याला गेटवर पाठवलं. दर वीस मिनिटांनी फोन. गाडी निघाली. गाडी नदीपाशी पोचली. पुढे रस्ता खणून ठेवलाय, वळसा घालावा लागतोय. मग रेंज गेली. ते माझ्या खुर्चीवर ताठ बसून होते, तळवे मांडीवर, शाळेतल्या मुलासारखे. मी चहा आणला, तो तसाच राहिला. एकदाच म्हणाले, "सिस्टर, त्या नकाशावर ऑपरेशनची खोली पूर्वेला होती. मीच म्हटलं होतं, सकाळचा उजेड यावा."

साडेबाराला फोन आला. मुलगी वाचली होती. मूल गाडीतच गेलं होतं. मुलगा होता.

ते उठले, टोपी घातली आणि गेटवर जाऊन बसले. मी मॅनेजरकडे त्यांच्यासाठी सुट्टी मागायला गेले, तर ते स्वतःच आले आणि म्हणाले, "नको. खोलीवर जाऊन काय करू?" शिफ्ट संपेपर्यंत त्यांनी प्रत्येक ट्रकचा नंबर लिहून घेतला.

तीन शुक्रवार ते आले नाहीत. चौथ्या शुक्रवारी आले, खुबूस घेऊन, जणू काही झालंच नाही. मुदत संपायला आठवडा उरला होता. आम्ही सगळं पुन्हा वाचलं. पंधरा पानं, त्यात माझे चार तक्ते. मी म्हटलं, "यात मुलीचं लिहा. एक परिच्छेद पुरे. बाकी काही वाचलं नाही तरी ते वाचतील."

"नाही."

"का पण? हे सगळं त्याच्यासाठीच तर आहे."

"हॉस्पिटलला छत घालायला मेलेलं मूल दाखवावं लागत असेल, तर तो देश दर वेळी एक मूल मागेल," ते म्हणाले. "आणि सिस्टर, माझ्या लोकांना तुम्ही ओळखत नाही. ते त्याचं काय करतील, हे मला माहीत आहे. माझ्या नातवाला यात घालू नका."

मी बरं म्हटलं.

शेवटची तारीख गुरुवारी होती. त्यांना ड्यूटी होती, म्हणून मीच पाठवायचं ठरलं. दुपारी मी घरी बसून एकदा वाचत होते. माझी पंधरा वर्षांची मुलगी शाळेतून आली, माझ्या खांद्यावरून दोन पानं वाचली आणि म्हणाली, "आई, धिस इज सो बोरिंग. नोबडी विल रीड धिस." ती आत निघून गेली.

मी पुन्हा वाचलं. तिचं खरं होतं. मला ते तक्ते करायला चार महिने लागले होते, आणि कुणीही ते उघडून बघणार नव्हतं. समितीतला कुणी तरी पहिलं पान चाळेल, ढिगात टाकेल. मला दिसत होतं, ते ताठ बसलेले, तळवे मांडीवर. मी पहिल्या पानावर सहा ओळी लिहिल्या. मुलगी, गाडी, नदी, खणलेला रस्ता, बारा मिनिटं. नाव लिहिलं नाही, पण शिक्षिका असं लिहिलं, आणि जिल्ह्याचं नाव तर आधीपासूनच वर होतं. मग पाठवून दिलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "गेलं?"

"गेलं."

"देव तुमचं भलं करो, सिस्टर."

मी फोन ठेवून लॅपटॉप मिटला.

समितीने आलेली सगळी निवेदनं वेबसाइटवर टाकली. तसं होईल हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी थांबले असते का, ते आज खात्रीने सांगता येत नाही. दीड महिन्याने तिथल्या एका रेडिओवर कुणी तरी त्या सहा ओळी वाचल्या. तक्ते नाहीत, चाळीस वर्षं नाहीत, फक्त सहा ओळी. निवडणूक जवळ आली होती. तीन दिवसांत एका पक्षाची माणसं कॅमेरे घेऊन त्या भिंतींपाशी उभी राहिली आणि म्हणाली, बघा, यांनी बाळाचा जीव घेतला. दुसऱ्या पक्षाची माणसं म्हणाली, भिंती अर्ध्या सोडल्या त्या तुम्हीच. शिक्षिका कोण हे शोधायला गावात किती वेळ लागणार? एक उमेदवार तांदळाचं पोतं आणि पक्षाचा टीशर्ट घेऊन तिच्या घरी गेला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून आला. मग दुसऱ्यांनी उठवलं की ती खोटं बोलते, मूल आधीच गेलं होतं, तिला पढवलंय. शाळेच्या फळ्यावर कुणी तरी तिच्याबद्दल घाणेरडं लिहिलं. ती शाळेत जाईनाशी झाली.

ते माझ्या ऑफिसात आले तेव्हा हातात फोन होता. दार लावून घेतलं. माझ्यासमोर पहिलं पान उघडून धरलं.

"हे तुम्ही लिहिलं."

"हो."

"मी नाही म्हटलं होतं."

"हो. मला वाटलं, नाही तर कुणी वाचणार नाही."

"वाचलं ना आता सगळ्यांनी," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "माझी मुलगी मला म्हणाली, पप्पा, तुम्ही माझं बाळ त्यांना देऊन टाकलंत. तिला वाटतं, मी लिहिलं."

"मी तिला सांगते. आत्ता फोन लावा, मी सांगते, माझी चूक आहे."

"ती फोन घेत नाही, माझाही नाही."

मी माफी मागितली. रडलेही. ते उभेच होते. मग म्हणाले, "मला तुमचा राग करता येत नाही, हेच वाईट आहे. तुम्हीही तेच केलंत जे आमच्याकडे सगळे करतात. पुढचं दिसत नाही, समोरचं दिसतं. घाई झाली तुम्हाला."

आयुष्यभर मी याच्याच पगारावर जगत आले होते. कशाआधी काय, कशानंतर काय. त्यांनी एका वाक्यात सांगितलं की मला त्यातलं काही कळलेलं नाही, आणि ते बरोबर होतं.

त्यांचा व्हिसा मे महिन्यात संपत होता. त्यांनी रिन्यू करायला नकार दिला. गेले तो दिवस मला कंपनीच्या ड्रायव्हरकडून कळला, ते विमानात बसल्यावर. मी त्यांच्या मुलीला लांब पत्र लिहून त्यांच्या नंबरवर पाठवलं होतं, सगळं कबूल करून. ते तिच्यापर्यंत पोचलं की नाही, मी विचारू शकले नाही. घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मीही कदाचित तेच केलं असतं गं." त्याने मला बरं वाटायला हवं होतं. मला आणखीच भीती वाटली.

शुक्रवारी सकाळी टेबल रिकामं असायचं. मी पोहे करणं सोडून दिलं. यार्डात तक्ता करताना हात अडायचा. पुढच्या महिन्याचा रकाना भरायचा म्हणजे तो महिना येईल असं धरून चालायचं, आणि मला तेवढंही धरवत नव्हतं. मॅनेजर विचारायचा, झालं का? मी म्हणायचे, इंशाल्ला.

या वर्षी त्यांचा एक निरोप आला, आवाजाचा. सात मिनिटांचा. मी गाडी मीना सलमानच्या रस्त्याकडेला थांबवून ऐकला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. निवडणूक झाली, सरकार पुन्हा बदललं. समितीचा अहवाल आला. दीर्घकालीन योजनेबद्दल त्यात एकच वाक्य आहे, की ती इष्ट आहे. मुलीने नवऱ्यासह गाव सोडलं, ती आता राजधानीत असते. माझं पत्र त्यांनी तिला वाचून दाखवलं होतं. ती ऐकून घेऊन उठून गेली, एवढंच. पण त्यानंतर त्यांचा फोन घेऊ लागली.

मग ते म्हणाले, गेल्या आठवड्यात नवे मंत्री जिल्ह्यात आले होते. बँडबाजा होता, शाळेतली पोरं रांगेने उभी केली होती. त्यांनी दोन्ही अर्धवट हॉस्पिटलांच्या मधोमध एका माळावर तिसऱ्या हॉस्पिटलची कोनशिला बसवली. यांनाही बोलावलं होतं, अनुभवी माणूस म्हणून, पहिल्या रांगेत खुर्ची होती.

"मी गेलो, सिस्टर," ते म्हणाले. "मंत्र्यांना विचारलं, आधीची दोन का नाही पूर्ण करत? ते म्हणाले, ती त्यांची आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, दिवस भरत आलेली. तिनेही वाजवल्या."

निरोप तिथेच संपला. मी तो पुन्हा लावला नाही. बाजूने ट्रक जात होते, एकामागून एक, आणि मी फोन हातात धरून बसून राहिले. शेवटी एवढंच लिहिलं, की ऐकलं. त्यांनी वाचल्याची खूण लगेच आली.